वाढलेल्या बांगड्या

प्रस्तावना

दागिना म्हटले की सोने, चांदी आणि सोनाराची पेढी डोळ्यांसमोर येते. परंतु दागिने घडवण्याचा छंद सोन्याचांदीवाचूनही जोपासता येतो. हा छंद कसा सुरू करावा, त्यासाठी कोणते साहित्य लागते आणि दागिन्याचे खरे मोल कशात असते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

मूळ पाठ

मराठी घरात काचेची बांगडी फुटली, तर ती 'फुटली' असे म्हणत नाहीत. 'वाढली' असे म्हणतात. सौभाग्याच्या लेण्याविषयी अशुभ शब्द उच्चारू नये, ही त्यामागची भावना. मात्र वाढलेल्या बांगडीचे तुकडे मुकाट्याने केरात जातात. चंडीगढ शहरातील एका माणसाने त्या तुकड्यांनाही सन्मानाची जागा दिली.

नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ साली झाला. त्यांचे मूळ गाव आज पाकिस्तानात आहे. फाळणीनंतर ते भारतात आले आणि पुढे चंडीगढ येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून काम करू लागले. त्या काळात वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार हे नवे शहर उभे राहत होते. शहरासाठी जुनी गावे उठवली जात होती. पडलेल्या घरांच्या राडारोड्यात फुटक्या कपबश्या, फरश्यांचे तुकडे आणि बांगड्यांच्या काचा पडलेल्या असत. हे साहित्य नेकचंद वेचून सायकलवरून नेऊ लागले. सुखना तलावाजवळच्या झाडीत, १९५८ च्या सुमारास, त्यांनी त्यातून मूर्ती घडवण्यास आरंभ केला.

हा उद्योग नोकरीचे तास संपल्यावर, कोणाच्या नकळत चाले. जमीन सरकारी होती आणि तेथे बांधकामास बंदी होती. काम उघडकीस आले तर ते पाडले जाण्याची भीती होती. तरीही अनेक वर्षे ते थांबले नाहीत. १९७० च्या दशकात ही निर्मिती प्रशासनाच्या दृष्टीस पडली. नियमाप्रमाणे ती पाडावी की राखावी, असा प्रश्न उभा राहिला. लोकांना ती मनापासून आवडली होती. अखेर ती राखण्यात आली आणि १९७६ मध्ये 'रॉक गार्डन' या नावाने सर्वांसाठी खुली झाली. १९८४ मध्ये नेकचंद यांना 'पद्मश्री' हा सन्मान मिळाला. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या बागेत सिमेंटच्या स्त्री-आकृती रांगेने उभ्या आहेत. त्यांच्या अंगावर बांगड्यांचे असंख्य रंगीत तुकडे जडवलेले आहेत. तेथे गुंजभर सोने नाही. तरी पाहणाऱ्याची नजर त्या लेण्यावर खिळून राहते.

साध्या वस्तूचा दागिना करण्याची रीत महाराष्ट्रालाही नवी नाही. लग्नानंतरच्या पहिल्या मकरसंक्रांतीला नववधूला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घालतात. लहान मुलांचे बोरनहाणही याच दागिन्यांनी सजते. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद आचेवर त्यावर साखरेचा पाक थोडाथोडा घालतात आणि दाणे बोटांनी सतत फिरवतात. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. धीर धरला तर त्यांवर पांढराशुभ्र काटा येतो. हे दाणे दोऱ्यात गुंफून किंवा पुठ्ठ्यावर चिकटवून मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट असे नाना दागिने तयार होतात. सणापुरत्या घातलेल्या या साखरेच्या लेण्याचे कौतुक सोन्याहून कमी होत नाही.

नवशिक्या व्यक्तीनेही घरातल्याच वस्तूने आरंभ करावा. मात्र काचेचे तुकडे हात कापतात, म्हणून पहिल्या प्रयत्नासाठी जुन्या दिनदर्शिकेचा रंगीत कागद बरा. त्याचे २५ सेंमी लांब, एका टोकाला २ सेंमी रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असे २४ त्रिकोणी तुकडे कापावेत. रुंद टोक विणकामाच्या सुईवर धरून कागद घट्ट गुंडाळावा. पहिला वेढा सोडून पुढे पातळ खळ लावावी, म्हणजे मणी सुईला चिकटत नाही. मध्ये फुगीर व कडेला निमुळता मणी तयार होतो. तो पूर्ण वाळल्यावर त्यावर पारदर्शक रोगणाचा हात द्यावा.

दोन कागदी मण्यांमध्ये अर्धा सेंमीचा एक काचमणी ओवावा. २४ कागदी मण्यांचे ४८ सेंमी आणि २४ काचमण्यांचे १२ सेंमी मिळून ६० सेंमीचा हार होतो. तो बहुधा डोक्यावरून सहज घालता येतो. फासा लावावा लागत नाही. दोरा मजबूत आणि ९० सेंमी लांब घ्यावा, म्हणजे गाठी मारण्यास पुरेशी जागा राहते. ओवण्यापूर्वी सर्व मणी जाडसर कापडावर मांडून रंगसंगती पाहून घ्यावी. कापडावर मणी घरंगळत नाहीत. लहान मुले मणी तोंडात घालतात, म्हणून काम संपताच ते डबीत बंद करून ठेवावेत.

हात बसला की तांब्याच्या तारेकडे वळावे. ही तार मऊ असते आणि गोल टोकाच्या पकडीने सहज वळते. परंतु एकाच जागी पुनःपुन्हा वाकवल्यास कडक होऊन तुटते. म्हणून वळण आधी कागदावर काढावे आणि मगच तार हाती घ्यावी.

पहिला हार वाकडा होईल, एखादा मणी सैल राहील. तेव्हा निराश न होता दोरा उसवावा आणि पुन्हा ओवावे. पुढे कोणी हा हार विकत मागितला, तर किंमत सांगताना कागदाचा आणि मण्यांचा खर्च तेवढा मोजू नये. त्यासाठी दिलेले तासही मोजावेत. कष्टांचे मोल कष्ट करणाऱ्यानेच ओळखले नाही, तर इतरांनी ते कसे ओळखावे? केरात जाणाऱ्या काचेला ज्या हातांनी लेणे केले, त्या हातांमुळेच ती बांगडी खऱ्या अर्थाने 'वाढली'.

शब्दार्थ

लेणे – दागिना, अलंकार
राडारोडा – पाडलेल्या बांधकामाचे अवशेष
गुंजभर – अगदी थोडे (गुंज हे सोने तोलण्याचे जुने माप)
खळ – पिठापासून केलेला चिकट पदार्थ
हात बसणे – सरावाने कौशल्य येणे

पाठान्त प्रश्न

१. बांगडी 'वाढली' असे म्हणण्यामागील भावना स्पष्ट करा.
२. नेकचंद यांच्या कामाला कोणता धोका होता? तो कसा टळला?
३. हलवा तयार करताना धीर का आवश्यक असतो?
४. अशुभ टाळण्यासाठी मराठीत वापरले जाणारे आणखी दोन शब्दप्रयोग लिहा.
५. 'दागिन्याची किंमत ठरवताना तासही मोजावेत' या विधानाविषयी तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.