२२ किलोमीटर म्हणे

रिपोर्टात माझ्या नावासमोर ‘कॉन्फिगरेशनची चूक’ एवढंच लिहिलंय. स्विचमध्ये २५ किलोमीटर हा आकडा मीच घातला, हे कबूल. तो कुणाच्या मेलवरून घातला, याचा मात्र त्या नऊ पानांत पत्ता नाही.

आमचं मुख्य डेटा सेंटर बंगळुरात इलेक्ट्रॉनिक सिटीला, दुसरं व्हाइटफील्डला. मध्ये भाड्याची डार्क फायबर, तिच्यावर डीडब्ल्यूडीएम आणि त्यातून रेप्लिकेशनची ८ गिगाबिटची फायबर चॅनल लिंक. फायबर घेतानाच मी फायबरवाल्यांना मेल टाकून विचारलं होतं, मार्गाची लांबी किती? उत्तर एका ओळीत आलं: अंदाजे २२ किलोमीटर. मी वर तीन धरले, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि पोर्टवर २५ टाकले.

मुंबईत आरेच्या केंद्रावर काचेची रिकामी बाटली दिली की भरलेली मिळायची. फायबर चॅनलचं क्रेडिट हे त्यातलंच. समोरच्या स्विचकडे जेवढे बफर रिकामे, तेवढ्याच फ्रेम सोडायच्या. पुढची सोडायला तिकडून ‘रिकामा झाला’ असा निरोप परत यावा लागतो. घरात चारच बाटल्या असल्या आणि केंद्र चार गल्ल्या लांब गेलं, तर दूध कमी पडत नाही, बाटल्या रस्त्यात अडकतात. पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी ८ गिगाबिटला किलोमीटरमागे चार क्रेडिटं हा ठोकताळा. २५ किलोमीटरला १००.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात रात्रीची बॅच लांबायला लागली. पहाटे चारला आटपणारी साडेसातपर्यंत रेंगाळे. डीबीए म्हणे स्टोरेज, मी म्हणायचो नेटवर्क आणि फायबरवाल्यांचं एकच पालुपद: “सर, लिंक अप इदे.” लिंक खरंच अप होती. दिवा हिरवा, सीआरसी एरर शून्य. बिघाड दिसत नसला की संशय माणसावर येतो, आणि स्टोरेजकडे माणूस एकटा मी. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं मिरजेचं तिकीट रद्द केलं. क्रेडिटं गळत असतील म्हणून दोन दिवस त्यामागे घालवले. परतीचे निरोप हरवले की क्रेडिटं कमी होत जातात आणि लिंक रीसेट केली की भरून येतात. रीसेट केली. काही फरक नाही. साहेब म्हणाले, १६ गिगाबिटची ऑप्टिक्स मागवू या. बाटल्या तेवढ्याच ठेवून सायकलऐवजी मोटरसायकल घेण्यातला प्रकार होता तो, पण त्या बैठकीत माझं ऐकणारं कोण?

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आलेखाकडे बघत बसलो होतो. गर्दीमुळे वेग अडला की रेघ वरखाली नाचते. आमची रेघ सेकंदाला ३४० मेगाबाइटच्या आसपास जाऊन सुरीने कापल्यासारखी सपाट व्हायची, रोज रात्री, त्याच उंचीवर. स्विचला पोर्टस्टॅट्सशो ही कमांड दिली. क्रेडिट शून्यावर असल्याचा वेळ मोजणारा ब्रोकेडचा काउंटर अडीच मायक्रोसेकंदांच्या टिकांत मोजतो, तो सुसाट पळत होता. मग कागदावर उलटा हिशेब मांडला. १०० फ्रेम, प्रत्येकी दोन केबी, म्हणजे एका फेरीत दोनशे केबी. ३४० मेगाबाइटचा वेग पडायला एका फेरीला ६०० मायक्रोसेकंद लागत असले पाहिजेत. काचेतून प्रकाशाला किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन दहा. म्हणजे ६० किलोमीटर. तीनदा मांडलं, तीनदा साठच. नकाशात शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं तरी एवढं अंतर भरत नाही.

सकाळी फायबरवाल्यांना काचेची लांबी मोजणारा ओटीडीआर लावायला लावला. ६१.

तेव्हा कुठे त्यांना कंठ फुटला. जूनमध्ये रस्ताखोदाईत नेहमीच्या मार्गावरची केबल तुटली, लिंक रिंगच्या लांबच्या बाजूने वळवली आणि तिकीट बंद केलं. सेवा खंडित झाली नाही म्हणून कळवलं नाही म्हणे! माझ्या लॉगमध्ये त्या रात्री काही सेकंद लिंक पडून उठल्याची नोंद होती. ती मी ‘पाहिली’ अशी खूण करून सोडून दिली होती. एवढी चूक माझी. तोवर भार कमी होता, म्हणून तीन महिने कुणाला कळलं नाही.

तर, अंतर रस्त्याचं विचारू नका, काचेचं विचारा, आणि ओटीडीआरचा कागद हातात घ्या. मुख्य मार्गाचं आणि पर्यायी मार्गाचं, दोन्ही, आणि क्रेडिटं लांबच्या मार्गाप्रमाणे ठेवा. ठोकताळा पूर्ण फ्रेमचा आहे. तुमच्या फ्रेम सरासरी निम्म्या आकाराच्या असतील तर क्रेडिटं दुप्पट लागतात. पोर्टबफरशो सरासरी आकार दाखवतं, तो बघून ठरवा. बफर शेजारच्या पोर्टांशी सामाईक साठ्यातून येतात, तेव्हा एकाला ओतताना दुसरं पोर्ट कोरडं पडत नाही ना, तेही बघा. मार्ग बदलला की कळवायचं हे करारात घाला. कागदपत्रं नीट ठेवा वगैरे तर आहेच.

आणखी एक, जे मला नंतर सुचलं. क्रेडिटं वाढवल्यावर वेग परत आला, पण बॅच पूर्ववत झाली नाही. आमचं रेप्लिकेशन सिंक्रोनस. साध्या एससीएसआय लेखनाला दोन फेऱ्या पडतात: आधी आज्ञा जाते, तिकडून ‘पाठव’ येतं, मग डेटा जातो, मग पोच. वाढीव ३९ किलोमीटरचा भुर्दंड प्रत्येक लेखनामागे पाऊण मिलिसेकंदाहून थोडा जास्तच. तो कुठल्याही आकड्याने भरून निघत नाही. लिंक जुन्या मार्गावर आणावीच लागली. त्यासाठी आणखी सतरा दिवस आणि माझ्याकडून अकरा मेल. “स्वल्प अडजस्ट माडि” हे उत्तर त्यातल्या दोन मेलना आलं.

रिपोर्ट दुरुस्त करायला मी जुना मेल जोडून पाठवला. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं, मजकूर तसाच राहिला. परवा एका नव्या लिंकचं ड्रॉइंग सहीला आलं. लांबीच्या रकान्यात पेन्सिलीने २२ लिहिलेलं होतं. सही न करता परत पाठवलंय.