गाडी लागली की धूर लागला?

पसरणी घाटात मुलाला मळमळलं की आपण 'गाडी लागली' म्हणतो, तोंडात आलेपाकाची वडी देतो आणि पुढे निघतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण गाडी लागण्याचा त्रास चालवणाऱ्याला सहसा होत नाही. सांगली-तासगावच्या रस्त्याला चालवणाऱ्यासकट सगळ्यांचंच डोकं जड झालं, जांभया सुरू झाल्या, पोटात ढवळलं आणि खाली उतरल्यावर बरं वाटलं, तर आधी सायलेन्सरकडे बघा.

गाडी 'मिसिंग' करत असेल तर संशय आणखी बळावतो. प्लग किंवा कॉइल गेली की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली सिरॅमिकची जाळी अतोनात तापते, वितळतेसुद्धा. कार्बन मोनॉक्साइडचा काटा काढायचं काम तिचंच. ती गेली की वायू तसाच बाहेर येतो. एक्झॉस्टचा जॉइंट गळका आणि डिकीचं रबर फाटकं असेल, तर थेट गाडीत. (अशी तापलेली गाडी वाळल्या गवतावरही उभी करू नका. साताऱ्याच्या डोंगरांना वणवे काय कमी आहेत?)

या वायूला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट धरतो. करोनात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे साफ फसतो. त्याला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून रुग्ण ग्लानीत असतानाही तो खुशाल 98 दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून कुणाला घरी झोपवू नका.

शंका आली की गाडी बंद करा आणि सगळे मोकळ्या हवेत या. छातीत दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर लगेच 108 ला फोन करा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. गर्भवतींनी आणि हृदयरुग्णांनी बरं वाटलं तरी तपासून घ्यावं. डॉक्टरांना 'सगळे एकाच गाडीत होतो' हे आवर्जून सांगा, नाहीतर पित्ताची गोळी घेऊन परत याल.

खंबाटकीच्या कोंडीत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपणं तर नकोच. 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकायला लागला तर 'चालतंय की' म्हणून गाडी रेटू नका; बाजूला घ्या. आणि मेकॅनिकने नुसता प्लग बदलून चावी हातात दिली, तर गाडी वर उचलून एक्झॉस्टचे जॉइंटही बघायला लावा.