सीमेवरची तपासणी

कळमेश्वर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. तेथून सावनेरमार्गे उत्तरेकडे गेले, की मध्य प्रदेशाची सीमा लागते. एरवी ती ओलांडताना प्रवाशांची कोणी वैद्यकीय तपासणी करत नाही. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोरोनाचे रुग्ण वाढू लागले. तेव्हा मध्य प्रदेश शासनाने महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी सुरू केली. प्रवाशांचा ताप मोजला जाऊ लागला.

केवळ ताप मोजणे पुरेसे आहे का? नाही. रोगजंतू शरीरात शिरला, तरी लगेच ताप येत नाही. कोरोनाची लक्षणे दिसण्यास १४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या काळात तापमापकाला माणूस निरोगीच वाटतो. म्हणून २०२० मध्ये रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांना १४ दिवस वेगळे राहण्यास सांगत. यालाच क्वारंटाईन म्हणतात. पूर्वी साथीच्या काळात इटलीतील व्हेनिस बंदराबाहेर जहाजांना चाळीस दिवस थांबवत. त्या 'चाळीस'वरून हा शब्द आला. तुमच्या ओळखीचा 'चिल्ला' हा शब्दही चाळीसवरूनच आला आहे.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासत आणि संशयितांना छावणीत ठेवत. हेतू रोग थांबवण्याचा होता. पण सक्ती फार झाली. लोकांचा मान राखला गेला नाही. घाबरून लोक घरातले रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्यावर ना उपचार होत, ना साथ आटोक्यात येई.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात घरी वेगळे राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारत. मात्र प्रत्येक दारात पहारेकरी ठेवणे शक्य नव्हते. अशा वेळी माणसाचा खरेपणाच कामी येतो.

मित्रांनो, तपासणी करणाऱ्यापासून काही लपवू नका. कोठून आलो, कोणाला भेटलो, ते खरे सांगा. शेजारी कोणी वेगळे राहत असेल, तर त्याला नावे ठेवू नका. त्याच्या दारापाशी जेवणाचा डबा ठेवा, दुरून विचारपूस करा. तो गुन्हेगार नाही; तुमच्यासाठीच तो घरात थांबला आहे.

स्वाध्याय
१. केवळ ताप मोजणे पुरेसे का नाही?
२. प्लेगच्या साथीत लोक रोगी का लपवू लागले?
३. वेगळे राहणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही कशी मदत कराल?