अर्धी चाल माझी, अर्धी शेजाऱ्याची

कॉलेजच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात आम्ही १२ जण ३ आठवडे बालीत, उबुदजवळच्या एका गावात राहिलो. मी पुण्यात ८ वर्षं तबला शिकलेला. गावाच्या बांजारच्या, म्हणजे वस्तीच्या, सामाईक मंडपात रोज संध्याकाळी गामेलान वाद्यवृंदाची तालीम चाले. तिथे मिळालेलं हे शिक्षण.

१. वाद्य ओलांडू नका.
युनेस्कोने २०२१ साली गामेलानला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गावात मात्र तो वारसा शेतातून घरी येऊन, हातपाय धुऊन वाजवायचा असतो. वाद्यं बांजारच्या मालकीची, त्यांच्यापुढे फुलांचा नैवेद्य. तबल्याला पाय लागला की आपण नमस्कार करतोच. त्यामुळे हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही.

२. वही मिटून ठेवा.
गुरुजी समोर बसून माझ्याच वाद्यावर पलीकडून, उलट्या बाजूने वाजवत. मी त्यांच्या हातातल्या हातोडीकडे बघत वाजवायचं. या पद्धतीला ‘मागुरू पांगुल’ म्हणतात. पांगुल म्हणजे ती हातोडी. पहिले दोन दिवस मी बोल लिहून घेत होतो आणि सारखा मागे पडत होतो. तिसऱ्या दिवशी वही खोलीवर ठेवली, तेव्हा हात चालू लागला.

३. नाद वेळेवर थांबवा.
माझं वाद्य गांग्सा. त्याच्या कांस्यपट्ट्या खूप वेळ घुमतात. उजव्या हाताने पुढचा सूर वाजवताना डाव्या हाताने मागची पट्टी चिमटीत धरायची. नाही धरली, तर सगळ्यांचंच वादन गढूळ होतं.

४. आपल्या कानाची मोजपट्टी तिथे लगेच लावू नका.
एकाच सुराच्या दोन पट्ट्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या माझ्या कानाला ते बेसूर वाटलं. पण त्या फरकातूनच नादाला थरथर येते. तिला ‘ओम्बाक’ म्हणतात, म्हणजे लाट. लाट ऐकू यायला मला आठवडा लागला.

५. नाचणाऱ्यावर नजर ठेवा.
नर्तकी एका झटक्यात खूण करते, ढोलवाला ती पकडतो आणि अख्खा ताफा क्षणात थांबतो. हा ‘अंगसेल’. कथकच्या साथीला बसताना मी आता बोटांकडे नाही, पावलांकडे बघतो.

६. अर्धंच वाजवा, पण चोख.
‘कोतेकान’मध्ये एक चाल दोघांत वाटलेली असते. एकाची ओळ ‘पोलोस’, दुसऱ्याची ‘सांगसिह’. एकाच्या फटीत दुसऱ्याचा आघात. त्यामुळे एकट्या हाताला न झेपणारा वेग सहज निघतो. माझी ओळ पोलोस. सांगसिह वाजवणारे शेजारचे काका भातशेती करत. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी शेवटच्या संध्याकाळी आमची चाल एकदाही तुटली नाही.

घरी आल्यावर आईला माझी ओळ तोंडाने म्हणून दाखवली. ती म्हणाली, “मधे मधे थांबतोस का रे?”

त्या जागा काकांच्या होत्या.