इंग्रजी बोलावे स्पष्ट

आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आज पदवीधर होत आहेत. इंग्रजी व्याकरणात त्यांना चांगले गुणही मिळतात. परंतु मुलाखतीत चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की आवाज खाली जातो, शब्द एकमेकांत मिसळतात आणि हाती आलेली संधी निसटते. आम्ही बँकेच्या काउंटरवर काम करणारी माणसे. एका अक्षराच्या उच्चाराने केवढा फरक पडतो, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून काही उपयुक्त गोष्टी येथे मांडत आहोत.

१) आकडे : 'फिफ्टीन' म्हणजे पंधरा आणि 'फिफ्टी' म्हणजे पन्नास. हजारांच्या रकमेत ही गफलत पस्तीस हजारांची होते! पंधरा म्हणताना जोर 'टीन'वर द्यावा व शेवटचा 'न' ऐकू येऊ द्यावा. पन्नास म्हणताना जोर 'फिफ्'वर द्यावा व शेवट आखूड ठेवावा. शंका वाटल्यास 'वन-फाइव्ह', 'फाइव्ह-झीरो' असे अंक सुटे सांगावेत.

२) ऱ्हस्व-दीर्घ : मराठी बोलताना 'इ' आणि 'ई' यांतील भेद आपण फारसा पाळत नाही, तरी अडत नाही. इंग्रजीत अडते. 'आय लिव्ह हिअर' म्हणजे मी येथे राहतो. त्याच 'लिव्ह'चे 'लीव्ह' झाले की राहण्याचे निघून जाणे होते.

३) ओठ : मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन. येथे वरचे दात खालच्या ओठास टेकवावेत. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम. येथे ओठ गोल करावेत, दात टेकवू नयेत.

४) जोर : 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, तर 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर येतो. सर्व अवयव सारख्याच जोराने म्हटल्यास ऐकणारा गोंधळतो. शब्दकोशात जोराची खूण दिलेली असते. ती पाहण्याची सवय लावावी.

५) मुकी अक्षरे : 'रिसीट'मधील 'पी' आणि कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधील 'बी' लिहावयाची, उच्चारावयाची नाहीत. 'डेबिट'मध्ये मात्र 'बी' उच्चारावी.

आता सराव. रोज दहा मिनिटे इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. स्वल्पविरामाशी थोडे व पूर्णविरामाशी पुरते थांबावे. भावाबहिणीस कागद न दाखवता ऐकलेले लिहावयास सांगावे. त्यांनी जो शब्द चुकीचा लिहिला, त्याचा उच्चार तपासून पाहावा व तो दहा वेळा म्हणावा. या अभ्यासास क्लासची फी लागत नाही.

साहेबी थाटाची नक्कल करण्याचे कारण नाही. आपल्या बोलण्यात मराठीची छटा राहिली म्हणून कमीपणा मानू नये. समोरच्या माणसास आपले म्हणणे पहिल्याच वेळी कळावे, एवढेच साधावयाचे आहे. आई-वडिलांनी कष्टाने शिकविलेल्या मुलांचे ज्ञान केवळ उच्चारापायी झाकले जाऊ नये, यासाठी घराघरांतून हा सराव आजच सुरू व्हावा.