छातीत पाणी झाले म्हणजे टीबीच, असे नव्हे!

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कळमनुरी तालुक्यातील साठीचे एक शेतकरी धाप लागते म्हणून माझ्याकडे आले. एक्स-रेत उजव्या बाजूला पाणी दिसले. आपल्या भागात अशा वेळी पहिला संशय क्षयाचा, आणि तो बहुधा खराही ठरतो. पाण्यातील एडीए ४० च्या थोडे वर होते. मी क्षयाची औषधे सुरू केली. दोन महिने झाले, पाणी पुन्हा भरले, छाती दुखतच राहिली. तेव्हा कुठे मी विचारले, "काका, शेतीआधी काय करत होता?" उत्तर आले, "तरुणपणी ठाण्याकडं पत्र्याच्या कारखान्यात अकरा वर्षं होतो." हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. चूक माझी होती.

सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नावाचा खनिज तंतू असतो. तो श्वासावाटे आत गेला की फुप्फुसावरच्या आवरणापर्यंत पोहोचतो. त्यातून २० ते ५० वर्षांनी आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. त्याला मेसोथेलिओमा म्हणतात. हा संबंध दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली ३३ रुग्णांवरून दाखवून दिला. मात्र याच तंतूमुळे साधे पाणी होणे, आवरण जाड होणे किंवा त्यावर चट्टे पडणे असे कर्करोग नसलेले विकारही होतात. मग दोन्हींत फरक कसा करायचा?

पाण्याची तपासणी : पाण्यातील प्रथिने रक्तातील प्रथिनांच्या निम्म्याहून अधिक असतील, किंवा एलडीएच रक्तातल्यापेक्षा ०.६ पटीहून जास्त असेल, तर दोष बहुधा आवरणातच आहे. तसे नसेल तर हृदय, यकृत, मूत्रपिंड तपासावे. एडीए ४० च्या वर गेले तर क्षयाचा संशय बळावतो. पण पू झाल्यास, संधिवातात आणि क्वचित कर्करोगातही ते वाढते.

पेशींची तपासणी : सुजलेल्या आवरणाच्या साध्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कर्कपेशींसारख्याच दिसू शकतात. अनुभवी तज्ज्ञही इथे अडखळतात.

मेसोथेलिन : हे प्रथिन रक्तात किंवा पाण्यात बरेच वाढलेले असेल तर संशय वाढतो. परंतु मूत्रपिंड अधू असले किंवा अंडाशयाचा कर्करोग असला तरीही ते वाढते. उलट मेसोथेलिओमाच्या एका प्रकारात ते वाढतच नाही. म्हणून नुसत्या या आकड्यावर निदान करू नये.

तुकड्याची तपासणी : दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून त्यावर खास रंगप्रक्रिया करतात. कॅलरेटिनिन आढळले तर पेशी आवरणाची आहे एवढेच कळते. आडनावावरून गाव कळावे, पण स्वभाव कळू नये, तसे. स्वभाव कळतो तो बीएपी-१ या प्रथिनावरून. निरोगी पेशीच्या केंद्रात ते असते. आवरणाच्या पेशींतून ते नाहीसे झाले असेल तर कर्करोग जवळजवळ निश्चित समजावा. मात्र ते शाबूत असले म्हणून कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही. तेव्हा एमटीएपी व पी-१६ पाहतात. पेशी आवरण ओलांडून खालच्या चरबीत घुसल्या असतील, तर तो पुरावा सर्वांत भक्कम.

काकांच्या तुकड्यात बीएपी-१ नव्हते. आम्ही त्यांना मुंबईला पाठवले. आजार बरा होण्यासारखा नव्हता, पण दुखणे आटोक्यात आले आणि नको ती औषधे थांबली.

नोकरीची नोंद आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपण्यास सांगितले आहे.

थोडक्यात,
१) पत्रे, सिमेंटचे पाइप, ब्रेक-लायनिंग, बॉयलर वा जहाजतोडणीचे काम कधीकाळी केले असेल, तर डॉक्टरांनी न विचारताही सांगा.
२) क्षयाच्या औषधांनी पाणी हटले नाही, तर औषधे स्वतःहून बंद न करता फेरतपासणीचा आग्रह धरा.
३) आवरणावर चट्टे आहेत, एवढ्या रिपोर्टने घाबरू नका. चट्टे म्हणजे कर्करोग नव्हे.
४) जुने पत्रे फोडू नका, घासू नका. काढावेच लागले तर ओले करून अखंड उतरवा.

आणि जुने एक्स-रे, नोकरीचे कागद ट्रंकेत जपून ठेवा. तीस वर्षांनी तेच उपयोगी पडतील.