गाडी पेट्रोलमुळे अडली? चावी देण्याआधी हे तपासा

वसईच्या एव्हरशाईन सिटीत पावसाळ्यात दुचाकी सुरू होईना, की गॅरेजात दोनपैकी एक निदान ठरलेलं: ‘टाकीत पाणी गेलंय’ किंवा ‘पंप गेलाय’. पहिल्याचा खर्च शेकड्यांत, दुसऱ्याचा हजारांत. म्हणून चावी देण्याआधी पाच मिनिटं स्वतः द्या.

टाकीचं झाकण उघडा, गाडी हलवा, आत बघा. काट्यावर भरवसा नको. किल स्विच आणि साइड स्टँडही पाहा; नुसता स्विच चालू करून मजुरी घेणारे कमी नाहीत.

एप्रिल 2020 नंतरची, म्हणजे बीएस-6 गाडी असेल तर बहुधा कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. चावी फिरवा, सेल्फ मारू नका. टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक घुरघुर ऐकू आली, तर पंप फिरतोय. नसेल, तर आधी फ्यूज आणि बॅटरी तपासून घ्या. फ्यूज काही रुपयांचा, पंप मॉडेलप्रमाणे अडीच-तीन हजारांपासून पुढे. गाडी वॉरंटीत असेल तर पंप बाहेर उघडू देऊ नका, हक्क बुडू शकतो.

जुनी कार्बोरेटरची गाडी: कॉक उघडा, रिझर्व्हवर करा, चोक ओढा. पेट्रोलचा उग्र वास आला तर इंजिनात पेट्रोल जास्त, म्हणजे ‘ओव्हर’ झालंय. चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून काही किका मारा. तरीही नाही, तर प्लग काढून पुसा.

आता पाणी. वसई रोड स्टेशनजवळ दिवसभर पावसात उभ्या गाडीचा हा खास आजार. टाकीच्या झाकणाभोवती साचलेलं पाणी जायला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं, की पाणी टाकीत उतरतं. पाणी जड, तळाशी बसतं आणि इंजिनाकडे आधी तेच जातं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावाही ओढतं. काढलेलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत तुमच्यासमोर धरायला सांगा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. थर दिसला नाही, तर ‘पाणी गेलंय’ला पुरावा काय, हे विचारा. आणि वरचं चांगलं पेट्रोल तुमचंच आहे, ते सोडून येऊ नका.

अंदाजे दर: कार्बोरेटर सफाई 200 ते 400 रुपये, टाकी रिकामी करून धुणं 300 ते 500, साधा प्लग शंभर-दीडशे. गाडी उचलून नेण्याचे पैसे आधी ठरवा. सुट्या भागाच्या एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. त्यावर वेगळा कर लावला तर देऊ नका. जुना भाग परत मागा. ‘आता ऑइलही बदलून टाकू’ला सरळ नाही म्हणा.

गाडी एअर फिल्टरपर्यंत पाण्यात बुडाली होती? मग सेल्फ, किक काहीच मारू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मगच गॅरेज. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर या नुकसानीची भरपाई मिळणार नाही.

पेट्रोलच खराब वाटतंय? पेट्रोल पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मोफत मागता येते. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. पाच लिटरमागे 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. बिल जपा, पंपावरच्या तक्रारवहीत लिहा. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: 1915.